नाताळचे जुने फोटो स्कॅन करण्याआधी

वसईच्या घरातला अल्बम हाती आलाय ना, मग चिकट पानांवरचे फोटो आधी नखाने उचकटू नका. १९७०-८०च्या दशकांतल्या त्या पानांचा गोंद आता कडक झालेला असतो. फोटो दुमडला की वरचा थर तडकतो. मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढा. नाहीच सुटला तर अख्खं पान स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर काचेसकटच.

रिझोल्यूशन ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवा. ३००वर तेवढ्याच आकाराची प्रत छान निघते, पण नाताळच्या गोठ्यासमोरच्या (येशूजन्माच्या देखाव्यासमोरच्या) घोळक्यातला एखादा चेहरा मोठा करायला ते पुरत नाही. मूळ फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवता साठवणारा फाइल-प्रकार), वाटायला जेपीजी वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवरून परत उतरवलेली प्रत संग्रहात ठेवलीत तर सगळी मेहनत पाण्यात! रंगीत फोटो तांबूस दिसतात ते बहुधा निळसर रंग आधी विटल्यामुळे. रंग सुधारा, पण मूळ फाइलवर नाही.

आजीला नुसतं “हे कोण?” विचारून भागत नाही. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: हा मिस्सेच्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या) आधीचा की नंतरचा? गोठा कोणी बांधला? फोटो काढणारा कोण? हे शेवटचं हमखास राहून जातं, कारण तो माणूस फोटोत नसतोच.

मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे १९७८’ एवढंच लिहा.