पोरगा रडतच नाही हो मॅडम!

"बाप गेला तरी पोराच्या डोळ्यात टिपूस नाही, मोबाइल काय खेळतो, मित्रांत खिदळतो काय, याच्या मनाला काही लागलंच नाही का हो?" माझ्याकडे समुपदेशनाला आई, आत्या, आजोबा, कुणीही येवो, प्रश्न हाच. म्हणून एका दहावीतल्या मुलाचं सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

वडील अचानक हार्ट अटॅकने गेलेले. आत्या घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता सहज म्हणाल्या, दादा पहाटे पाचला नळ आला की पाणी भरायचा, ते काम आता हाच करतो, कुणी सांगितलं पण नाही. "त्या बाबतीत शहाणा झालाय." मी तेवढंच डोक्यात ठेवलं.

सुरुवातीला आम्ही नुसतं क्रिकेटवर बोललो. या वयाच्या मुलांना समोर बसवून "कसं वाटतंय" विचारलं की "ठीक" याच्यापुढे गाडी जात नाही. मग एकदा विचारलं, "पाणी तूच का भरतोस रे?"

"तेराव्याला सगळे म्हणाले ना, आता तूच घरातला कर्ता."

"आणि रडू आलं तर?"

"मी रडलो की आई रडणार. मग आम्हा दोघांना गप्प कोण करणार?"

पुढच्या वेळी आईला सोबत बोलावलं. त्या सांगत होत्या, मी याच्यासमोर एकदाही रडले नाही, मन घट्ट केलंय. तो खाली बघत म्हणाला, "आई, तू हल्ली अर्धा-अर्धा तास आंघोळ करतेस. बादली एकच असते. मीच भरतो ना."

त्या पदर तोंडाला लावून जे रडायला लागल्या! तो आधी पाण्याची बाटली पुढे करत होता, मग तोही फुटला. मी एक शब्द बोलले नाही, आणि खरं सांगू, अशा वेळी गप्प बसता येणं हीच मी माझी कमाई समजते.

मागे आत्यांचा फोन आला होता, आता आईशी भांडतो म्हणे, पाणी रोज मीच का भरू म्हणून. मला बरंच वाटलं.

दुःखाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण ते मुळात स्वतःच्या मरणाला सामोरं जाणाऱ्या पेशंट्सवरून मांडलेत, १९६९ साली. मला स्वतःला स्ट्रोब आणि शुट या संशोधकांचं १९९९ चं म्हणणं जास्त पटतं, की माणूस दुःखात जातो, बाहेर येतो, परत जातो, आणि दोन्ही गरजेचं असतं. मुलांमध्ये तर हे तासातासाला दिसतं, आत्ता हसला म्हणजे विसरला असं नाही. तेव्हा त्याला "कर्ता" करू नका, खेळायला जाऊ द्या, गेलेल्या माणसाचं नाव घरात येऊ द्या, भाजी खारट झाली तर "बाबा असते तर ओरडले असते" म्हणायला काय हरकत आहे? आणि तुम्हाला रडू आलं तर त्याच्यासमोर रडा, फक्त सावरायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

मात्र सहा महिने उलटूनही शाळा, मित्र, जेवण, झोप यातलं काही रुळावर येत नसेल तर दाखवून घ्या. आणि "मला पण जायचंय" असं बोलला किंवा स्वतःला इजा करून घेतली तर एक दिवसही थांबू नका, एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.