बोकडाचे दात कॅमेऱ्याने मोजताना : शेळीपालकांच्या दोन प्रश्नांना उत्तर

प्रश्न : आमचा गट एका मांसप्रक्रिया केंद्राला उस्मानाबादी बोकड पुरवतो. आतापर्यंत तिथला माणूस ओठ ओढून दात बघायचा आणि ‘आदत’ (सगळे दात दुधाचे) की ‘दोन दाती’ (पक्क्या दातांची पहिली जोडी आलेला) ते सांगायचा. आता कापलेल्या मुंडीचा फोटो काढून दात मोजणारे कॅमेऱ्याचे मशिन बसणार आहे आणि दर त्यावरच ठरणार आहे. करारात काय लिहून घ्यावे? आमच्यातल्या एकाचा दुसरा प्रश्न असा, की जन्मनोंदीप्रमाणे 14 महिन्यांचा बोकड आदत कसा धरला गेला?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचे मूळ तिथेच आहे.

शेळी-मेंढीच्या वरच्या जबड्यात समोर दात नसतात, कडक गादी असते. खाली आठ दात असतात आणि साधारण वर्षापर्यंत ते सगळे दुधाचे असतात. मधली जोडी 12 ते 18 महिन्यांच्या दरम्यान बदलते. दुसरी जोडी दीड ते दोन वर्षांत, तिसरी अडीच वर्षांच्या आसपास आणि चौथी तीन ते साडेतीन वर्षांत बदलली, की जनावर ‘जुळले’ म्हणतात. जात आणि खुराक यांनुसार हे मागेपुढे होते. आबाळ झालेल्या करडाचे दात उशिरा बदलतात. म्हणजे 14 महिन्यांचा बोकड आदत दिसणे ही तपासणाऱ्याची चूक नाही. कॅमेऱ्यालाही दातच दिसतात, वय दिसत नाही.

म्हणून करारातले पहिले वाक्य हेच असावे : मशिन पक्के दात मोजेल, महिने सांगणार नाही. बाहेरच्या देशांतले नियमही दातांच्या अवस्थेवर बेतलेले आहेत. अमेरिकेत गाय-बैलाच्या दुसऱ्या पक्क्या जोडीतला एक जरी दात हिरडीबाहेर आला, तरी ते जनावर 30 महिन्यांचे किंवा त्याहून मोठे धरतात. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2019 पासून कोकराची व्याख्या बदलली. 12 महिन्यांच्या आतले, किंवा ज्याचा एकही पक्का दात अजून झिजायला लागलेला नाही असे मेंढरू तिथे कोकरू धरतात. त्याआधी दात नुसता बाहेर आला तरी ते कोकरू राहत नसे. एवढ्या बारीक फरकाने भाव बदलतो. तेव्हा तुमच्या करारातही ठरवून घ्या : एकच पक्का दात वर आला आणि शेजारचा दुधाचा अजून टिकून आहे, तर तो बोकड आदत की दोन दाती? दुधाचा दात पडला आणि तिथे नुसती खाच आहे, तर काय? निम्मे वाद या दोन अवस्थांवर होतात.

आता कॅमेऱ्याची जागा. मुंडी वेगळी केल्यावर लगेच, भाजण्याआधी फोटो निघाला पाहिजे. भाजलेल्या मुंडीच्या दातांवर काजळी बसते आणि काही तासांत जबडा ताठ होतो, मग ओठ नीट खाली येत नाही. आधी रक्त आणि रवंथीचा चोथा पाण्याने धुवावा. स्टीलच्या आकड्याने खालचा ओठ ओढून आठही दात समोर आणावेत. लाळेवर दिवा चमकला, तर ती चमक मशिनला दातासारखी दिसू शकते. त्यासाठी दिव्यावर आणि भिंगावर एकमेकांना आडवे बसवलेले, चमक अडवणारे ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्टर हवेत. वाफेने काच धुरकटते, म्हणून कॅमेऱ्याची पेटी जलरोधक असावी आणि काच दर पाळीत दोन-तीनदा पुसावी. तासाला 200 मुंड्या येत असतील, तर एकीला 18 सेकंद मिळतात. तेवढ्यात तीन फोटो आरामात निघतात, एकावर भिस्त ठेवू नये.

सर्वांत महागडी चूक दातांची नसते, नंबरांची असते. धड हुकावर पुढे जाते, मुंडी दुसऱ्या वाटेने. पशुवैद्यकांनी तपासणीसाठी एक मुंडी बाजूला काढली आणि मशिन नुसती क्रमाने मोजत असेल, तर मागची सगळी रांग एकाने सरकते आणि एकाच्या बोकडाचा शेरा दुसऱ्याच्या नावावर पडतो. मुंडीला आणि धडाला एकाच क्रमांकाची चिठ्ठी हवी आणि ती फोटोतही दिसली पाहिजे. कानातल्या 12 अंकी बिल्ल्याचा नंबर त्याला जोडून घ्या.

काही मुंड्यांवर मशिन हमखास फसते. म्हाताऱ्या शेळीचे दात झिजून आखूड होतात, काही पडलेले असतात. तिला मशिन आदत ठरवू शकते. खडकाळ, मुरमाड माळावर चरलेल्या जनावराची झीज लवकर होते. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या जनावरांच्या दातांवर तपकिरी डाग येतात. मशिनला दात ओळखायला शिकवताना दाखवलेल्या फोटोंत असे दात नसतील, तर मशिनला ते ओळखता येणार नाहीत. म्हशीसाठी शेळीवर शिकवलेले मशिन चालत नाही. तिची पहिली जोडीच अडीच ते तीन वर्षांच्या सुमारास बदलते.

‘95 टक्के अचूक’ असे कोणी सांगितले, तर लगेच मान डोलावू नका. 100 बोकडांत 80 आदत असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना ‘आदत’ म्हणणाराही 80 टक्के बरोबर ठरतो. विचारायचे ते असे : दोन दातींपैकी किती आदत ठरले आणि आदतपैकी किती दोन दाती? दोन्ही आकडे वेगवेगळे मागा. चाचणीसाठी तुमच्याच भागातल्या 200 मुंड्या घ्या. दोन पशुवैद्यकांनी त्या एकमेकांचे न पाहता तपासाव्यात आणि दोघांचे जमले नाही त्या वेगळ्या मोजाव्यात. शिकवणीत वापरलेल्या जनावराचा दुसरा फोटो चाचणीत आला, तर निकाल खोटा चांगला दिसतो, म्हणून वाटणी फोटोंची नको, जनावरांची हवी.

मशिनने खात्री कमी दाखवली, तर ती मुंडी माणसाकडे गेलीच पाहिजे. सुरुवातीचे काही आठवडे अशा मुंड्या जास्त निघतील, त्या निघू द्याव्यात. त्यांचेच फोटो पुढच्या शिकवणीला सर्वांत उपयोगी पडतात. प्रत्येक बोकडाचा फोटो निदान पैसे चुकते होईपर्यंत जपून ठेवण्याची आणि हरकत आल्यास पशुवैद्यकाकडून फेरतपासणीची अट करारात घाला. फेरतपासणी होईपर्यंत मुंडी फेकू नये, हेही लिहून घ्या. ती गेली की पुरावाच उरत नाही.

तुमच्या बाजूने करायचे काम एकच आहे. करडू जन्मले त्या दिवशी तारीख, आईचा बिल्ला आणि नर की मादी, हे वहीत लिहा. करडाला बिल्ला मारला की त्याचा नंबर त्याच ओळीत चढवा. विक्रीच्या आदल्या दिवशी ओठ ओढून मोबाइलवर दातांचा समोरून एक फोटो काढा, बिल्ल्याचा दुसरा. फोटो सावलीत काढा, उन्हात लाळ चमकते.