हिमाचलमधून मागवलेली सफरचंदाची रोपं मातीशिवाय, उघड्या मुळांनी आली आहेत. ती जगतील का?

नक्की जगतील. सफरचंदाची रोपं हिवाळ्यात अशीच उपटून पाठवतात. त्या वेळी झाड सुप्तावस्थेत असतं, पानं गळालेली असतात, त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही आणि मुळं तुटल्याचा धक्का कमी बसतो. मातीचं वजन नसल्यानं वाहतूक स्वस्त पडते, हे तर आहेच.

माझ्या मते खरा फायदा म्हणजे मुळं डोळ्यांनी पाहता येतात. गाठी, कुज, वाळकेपणा लगेच कळतो. पिशवीतल्या रोपाची मुळं आत गोल गोल गुंडाळलेली असली तरी ते बाहेरून दिसत नाही आणि असं झाड पुढे नीट पाय रोवत नाही. इथे मुळं खड्ड्यात हातानं पसरून लावता येतात, आणि ती पहिल्यापासून तुमच्याच मातीत वाढतात.

फक्त मुळं सुकू देऊ नका! पार्सल उघडताच काही तास पाण्यात ठेवा, तोवर खड्डा तयार करा. कलमाचा जोड, म्हणजे खोडावर कलम बांधलेली जागा, जमिनीच्या वर राहू द्या. फांद्यांवरचे डोळे, म्हणजे नवे कोंब, फुटायच्या आत लागवड उरका.

गुलाबालाही ही पद्धत चालते. आंब्यासारख्या सदाहरित झाडाला मात्र मातीच्या गोळ्यासकटच लावा.