ब्रूस स्प्रिंगस्टीनला या वयात लाइव्ह ऐकायला एवढे डॉलर मोजावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत नवे आहात, ऑफिसातला जो तो ‘एकदा ब्रूसला बघाच’ म्हणतोय (ब्रूस म्हणजे इथलाच रॉक गायक), पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज कितीसा उरला असणार, स्टेजवर एवढी माणसं कशाला लागतात, आणि तिकिटाचे पैसे वसूल होतात का?

मी त्याला 2023 च्या उन्हाळ्याअखेरीस ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर ऐकलं. तेव्हा तो 73 वर्षांचा होता, चौऱ्याहत्तरी काही दिवसांवर आली होती. त्या अनुभवावरून सांगतो.

आवाज आहे. 1975 च्या तरुण ब्रूसचा नाही, हेही खरं. खालच्या आणि मधल्या पट्टीत अजून भरदार लागतो, त्यातली खरखर तर वयानं वाढलीच आहे, आणि त्याच्या गाण्यांना ती शोभते. कारखान्यातून परतणारी माणसं, बंद पडलेली गावं, हातात फक्त गाडी असलेली पोरं हे त्याचे विषय. ते गुळगुळीत गळ्यातून ऐकायचेही नाहीत. वरच्या स्वरांना मात्र तो आता जपून जातो. काही ओळी अर्ध्या म्हणतो आणि सोडून देतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथे आहे. वारकरी कीर्तनात बुवा चरण सुरू करतात आणि मागचे टाळकरी ते उचलून धरतात, तेवढ्यात बुवांना श्वास मिळतो, पुढचा दृष्टांत सुचतो. त्याच्या साथीच्या ई स्ट्रीट बँडचं काम मला तसंच वाटलं. त्या दौऱ्यात स्टेजवर अठराएक जण होते. जुनी मंडळी म्हणजे गिटारवर स्टीव्हन व्हॅन झँट आणि निल्स लॉफग्रेन, बासवर गॅरी टॅलंट, पियानोवर रॉय बिटन, ड्रम्सवर मॅक्स वाइनबर्ग. शिवाय ऑर्गन, व्हायोलिन, तालवाद्यं, सॅक्सोफोन धरून पाच फुंकवाद्यं, आणि गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, अंगानं गाणारे चार गायक. ब्रूस ओळ सोडतो ती हे चौघं झेलतात, त्यांच्यावर व्हॅन झँटचा तो नाकातला आवाज चढतो, आणि त्यांच्याही वर पन्नास-साठ हजार प्रेक्षक. सुटलेला स्वर कुणाच्या लक्षातही येत नाही. ही म्हातारपणाची सोय आहे असं कुणी म्हणेल. मला ती उत्तम मांडणी वाटते.

पण माणसं जास्त म्हणजे आवाज जास्त, असं धरून जाऊ नका. मला सगळ्यात जास्त भावलं ते उलटंच. गाणं ऐन भरात असताना तो एक हात खाली दाबतो आणि अख्खा ताफा एका मात्रेत कुजबुजीवर येतो. फक्त बास आणि ड्रम्समधल्या जोडझांजा (हाय-हॅट) चालू. मग तो बोलतो, पुढे येऊन लोकांच्या हातात हात देतो, आणि दुसऱ्या इशाऱ्याला सगळं परत उसळतं. वाइनबर्ग आणि बिटन 1974 पासून, टॅलंट 1972 पासून त्याच्यासोबत आहेत. वाइनबर्गची नजर त्याच्या पाठीवरून हलत नाही. एक गाणं संपून टाळ्या सुरू होतायत तोच ‘वन, टू, थ्री, फोर’ ऐकू येतं आणि पुढचं सुरू. तीन तासांच्या आसपास कार्यक्रम, मध्यंतर नाही, आधी दुसऱ्या कुणाचं गाणं नाही. पाण्याची बाटली आणायला मी उठलो आणि गाणं हुकलं, तेव्हा ही कामं आधीच उरका.

फुंकवाद्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मला तीच बाजू आवडते. हा बँड मुळात साठच्या दशकातल्या सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतावर पोसलेला. 1975 च्या ‘टेन्थ अ‍ॅव्हेन्यू फ्रीझ-आउट’ या गाण्याच्या रेकॉर्डिंगला वादकांना सूर सापडेना, तेव्हा व्हॅन झँटनं स्टुडिओत उभं राहून त्यांना त्यांचे तुकडे तोंडानं गाऊन दाखवले, हा किस्सा इथले चाहते अजून रंगवून सांगतात. पुढे बरीच वर्षं ही जागा एकट्या क्लॅरेन्स क्लेमन्सच्या सॅक्सोफोननं भरून काढली. 2011 मध्ये तो गेला, आणि 2012 च्या दौऱ्यापासून ब्रूसनं एकाच्या जागी एक न आणता पूर्ण फुंकवाद्यांचा ताफाच आणला. त्यात क्लॅरेन्सचा पुतण्या जेक. काकाचे जुने सोलो तो जवळजवळ जसेच्या तसे वाजवतो. लोकांनाही तेच हवे असतात. तिथे नवं काही सुचलं तर प्रेक्षक माफ करतील असं वाटत नाही.

सगळा ताफा गप्प झाला अशाही जागा होत्या. ब्रूसच्या शाळकरी वयातल्या ‘कॅस्टिल्स’ बँडमध्ये त्याला घेणारा जॉर्ज थाइस 2018 मध्ये गेला. त्या बँडमधला आता हा एकटाच उरलाय. त्यावरचं ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ तो त्या दौऱ्यात अकूस्टिक गिटारवर म्हणायचा आणि एकच ट्रम्पेट साथीला यायचं. मागे दीड डझन माणसं आहेत हे माहीत असताना ते एक ट्रम्पेट फार मोठं वाटलं. आणि अगदी शेवटी सगळे वादक उतरत असताना त्यानं जिन्याशी उभं राहून एकेकाला निरोप दिला, मग परत येऊन शेवटचं गाणं एकट्यानंच गायलं. माझ्या शेजारचा, दंडावर जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं चिन्ह गोंदवलेला गृहस्थ तेव्हा उघड रडत होता.

या जागेचंही महत्त्व आहे. मेटलाइफच्या आधी तिथे, अगदी शेजारीच, जायंट्स स्टेडियम होतं. ते पाडलं जाणार होतं तेव्हा, 2009 मध्ये, ब्रूसनं त्यावर ‘रेकिंग बॉल’ (इमारती पाडायचा लोखंडी गोळा) हे गाणं लिहिलं आणि त्याच स्टेडियमच्या निरोपाच्या कार्यक्रमांत गायलं. जर्सीतला माणूस ते ऐकताना पायाखालच्या जमिनीबद्दल ऐकत असतो. तेव्हा बघायचंच तर याच राज्यात बघा. दुसऱ्या शहरात तोच बँड असेल, पण हे प्रेक्षक नसतील. (लोक ‘ब्रूऽऽस’ असं लांबवून ओरडतात. पहिल्यांदा मला वाटलं, ‘बू’ करून हुर्यो उडवतायत.)

आपल्याकडचे लोक विचारतात म्हणून: हो, तो भारतात येऊन गेलाय. 30 सप्टेंबर 1988 ला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, अ‍ॅम्नेस्टीच्या मानवी हक्क दौऱ्यात, स्टिंग आणि ट्रेसी चॅपमनसोबत.

आता तक्रार. उघड्या स्टेडियममध्ये इतक्या वाद्यांचा नीट मेळ ऐकू येणं कठीण. मी वरच्या मजल्यावर होतो. तिथे ड्रम्स, गिटार आणि सॅक्सोफोन येतं, व्हायोलिन फक्त दिसतं. ऑर्गन तर अंदाजानं ऐकायचा. मोठा बँड ऐकायचाय या हेतूनं जाणार असाल तर बंदिस्त अरीनातला कार्यक्रम मिळतोय का ते आधी बघा, थोडं दूर जावं लागलं तरी. स्टेडियमच असेल तर खालच्या टप्प्यातली बाजूची जागा घ्या. अगदी स्टेजसमोरच्या उभ्या जागेत उत्साह खूप, पण तासन्‌तास रांग आणि पायांचे हाल. गुडघे दुखत असतील तर नकोच.

तिकिटांची किंमत मागणीप्रमाणे वरखाली होते. 2022 मध्ये त्या दौऱ्याची विक्री सुरू झाली तेव्हा काही जागांचे आकडे पाच हजार डॉलरपर्यंत गेले आणि जुने चाहते भडकले. रास्तच होतं, कामगारांची गाणी म्हणणाऱ्यानं असं करावं हे मलाही पटलेलं नाही. पहिल्या दिवशीचा आकडा बघून घाबरू मात्र नका. कार्यक्रम जवळ आला की पुनर्विक्रीतली तिकिटं बरेचदा उतरतात, तोवर दम धरा.

गाडी नेऊ नका. सीकॉकस स्टेशनवर बदलून स्टेडियमकडची मेडोलँड्सची ट्रेन मिळते, जाताना आरामात. परतीला फलाटावर जत्रा असते, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवू नका. बॅग पारदर्शक लागते.

आणि तिकीट काढायच्या आधी ‘बॉर्न टू रन’ हा अख्खा अल्बम एकदा ऐका, चाळीस मिनिटांच्या आतच संपतो. त्यातलं एकही गाणं पकडत नसेल, तर ऑफिसातले काहीही म्हणोत, पैसे वाचवा.