बाळंतीण अडते म्हणजे नेमकं काय होतं? आई-बाळाला कितपत धोका असतो?

तुम्ही लिहिलंय की बायकोला आठवा लागलाय, ती अंगाने ठेंगणी आहे, आणि आई म्हणतात, "आम्ही दोन-दोन दिवस कळा दिल्या, काही झालं नाही." मी पाटण तालुक्यात २८ वर्षं नर्सबाई होते. दोन दिवस कळा दिलेल्या सगळ्याच बायका पुढे सांगायला राहिल्या नाहीत, एवढं आईंना सांगा.

अडणं म्हणजे कळा जोरात येतायत, पण बाळ खाली सरकत नाही. बहुतेकदा मापाचा घोळ असतो: हाडांची वाट अरुंद किंवा डोकं मोठं. कधी बाळ आडवं असतं, कधी मान मागे टाकून कपाळ पुढे करतं. कोवळ्या वयात लग्न झालेल्या पोरींची तर हाडंच पुरती वाढलेली नसतात. उंची १४० सेंमीच्या आत असेल तर सरकारी तपासणीत जोखमीची म्हणून नोंद होते. पण धिप्पाड बाई अडलेली आणि ठेंगणी सहज मोकळी झालेली, दोन्ही मी पाहिलंय. माप जुळतं का, हे कळा सुरू झाल्यावरच खरं कळतं. म्हणून तर गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, डोकं किती उतरलं, ठोके कसे आहेत, हे तक्त्यावर मांडत बसावं लागतं.

एक बाई आठवते. दुसरी खेप, पहिली घरीच सुखरूप झालेली, त्यामुळे सगळे निर्धास्त. आमच्याकडे आणलं तेव्हा कळा एकदम थांबलेल्या. सासू म्हणाली, "दमली बिचारी, पडू दे जरा." मी पोटावर हात ठेवला तर बाळाचे हातपाय कातडीखाली लागत होते. पिशवी फाटली होती. तेव्हा १०८ नव्हती (ती २०१४ला आली), जीपमध्ये घालून कराडला नेलं. बाळ गेलं. आई वाचली, पण पिशवी काढावी लागली. पहिलटकरणीची पिशवी बहुधा थकून गप्प होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची जोर लावतच राहते आणि फाटते. अडलंय का हे न बघता कळा वाढवायचं इंजेक्शन टोचणं, पोट दाबणं, यानेही हेच होतं.

आईला रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका असतोच. त्यातून डोकं फार वेळ एकाच जागी रुतून राहिलं तर लघवीच्या पिशवीचा दबलेला भाग मरतो, काही दिवसांनी तिथं भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. ऑपरेशनने हे बहुतेकदा बरं होतं, पण लाजेपायी बायका वर्षानुवर्षं घड्या बदलत काढतात, सांगत नाहीत. बाळ गुदमरतं, वाचलं तरी झटके येऊ शकतात, मेंदूला कायमची इजा राहू शकते.

वेळेत सिझर झालं तर यातलं बहुतेक टळतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं बायकोला दाखवा. सिझरची सोय आणि रक्त जवळ कुठं मिळतं ते आत्ताच विचारून ठेवा. रात्री गाडी कोणाची, तेही ठरवा. आणि जाताना आईंनाही बरोबर न्या.