मुलीला सिनेमाची पोस्टरं बनवायची आहेत…

कोल्हापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला. अभ्यास झाला की मोबाइलवर सिनेमांची पोस्टरं करत बसते, आणि पुढे हेच करायचं म्हणते. यात पोट भरेल का, की इंजिनीअरिंगलाच घालावं, असं त्यांनी विचारलंय. तिची काही पोस्टरंही जोडली आहेत.

ताई, पोस्टरं नीट पाहिली. रंगांची जाण तिला खरंच चांगली आहे. पण प्रत्येक पोस्टरवर मधोमध हिरोचा चेहरा आहे, आणि तो हाताने झाकला तर सिनेमा प्रेमाचा की सूडाचा, काहीच कळत नाही. तिने आता यावर मेहनत घ्यायला हवी. स्टारचा चेहरा निर्माता देतोच. त्या चेहऱ्यातून काय सांगायचं, याचे पैसे डिझायनरला मिळतात.

१९७५ सालची दोन पोस्टरं तिला शेजारी-शेजारी ठेवून बघू द्या. ‘दीवार’ची पोस्टरं दिवाकर करकरे यांची. पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, मारलेले रंगाचे जाड फटकारे ही त्यांची खासियत. अशा कामात नटाचा चेहरा गुळगुळीत राहत नाही, तो खरबरीत होतो, आणि थिएटरच्या दारातच माणसाला राग दिसतो. त्याच वर्षीच्या ‘जॉज’ या इंग्रजी सिनेमाच्या पोस्टरवर मात्र एकाही नटाचा चेहरा नाही. वर पोहणारी बाई, खाली जबडा वासून वर येणारा शार्क, दोघांच्या मधे पाणी. रॉजर कॅस्टल यांनी हे चित्र मुळात कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी काढलं होतं. एका पोस्टरने ‘हा कोण, एवढा का पेटलाय?’ असं विचारायला लावलं, दुसऱ्याने ‘आता काय होणार?’ असं. तिच्या पोस्टरांत असा प्रश्न अजून उमटत नाही. तो शिकता येतो, म्हणून मला तिच्याबद्दल आशा वाटते.

शिवाय तुम्ही बाबूराव पेंटरांच्या गावच्या! नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही केली. ‘कल्याण खजिना’चं (१९२४) पोस्टर आजवर टिकलेल्या सर्वात जुन्या भारतीय पोस्टरांत धरलं जातं.

आता पोटापाण्याचं. फक्त सिनेमाच्या पोस्टरांवर जगणारे थोडेच. बहुतेक जण जाहिरात किंवा डिझाइन एजन्सीत असतात. पोस्टराबरोबर स्टँडी (थिएटरात उभे करतात ते कटआउट), होर्डिंग, ओटीटीचं थंबनेल, आणि साबण-बिस्किटांचं कामही करतात. नावांचा क्रम बऱ्याचदा करारातच ठरलेला असतो. ‘अमक्याचं डोकं तमक्यापेक्षा लहान दिसतंय’ म्हणून पूर्ण झालेलं काम परत येतं. हे तिला आत्ताच सांगा. ऐकूनही तिचा उत्साह टिकला, तर अडवू नका.

सायन्स सोडायची गरज नाही. अप्लाइड आर्टची, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या कलेची, चार वर्षांची पदवी बारावीनंतर करता येते, मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय त्यासाठी नावाजलेलं आहे. आयआयटी मुंबईच्या बी. डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी ‘यूसीड’ ही परीक्षा असते आणि तिला कोणत्याही शाखेची मुलं बसतात. ती जानेवारीत होते, अर्ज आधीच्या ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. तिथे कागदावर चित्रही काढावं लागतं, त्यामुळे नुसत्या मोबाइलवर भागणार नाही. रोज हाताने स्केचिंग हवंच.

अक्षरांकडे तर तिचं अजिबात लक्ष नाही. तयार फाँट उचलून ठेवलाय, त्यात वेलांट्या चेहऱ्यावर चढल्यात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं तिला दाखवा. देवनागरी अक्षर मनापासून काढणारा डिझायनर मराठी निर्मात्यांना हवाच असतो.

या सुट्टीत तिला एकच काम द्या. तिने पाहिलेल्या एखाद्या मराठी सिनेमाची तीन पोस्टरं करायची, एकाही नटाचा चेहरा न वापरता, शीर्षक हाताने काढून. मग ती मोबाइलवर नखाएवढी करून तुम्हीच बघा आणि सिनेमा कशाबद्दल आहे ते तिला सांगा. तिन्ही पोस्टरं आणि तुमची उत्तरं मला पाठवा. पोर्टफोलिओत, म्हणजे तिच्या निवडक कामांच्या संग्रहात, काय ठेवायचं ते त्यावरून ठरवू.