नवऱ्याचा पत्ता नाही. मुलीवरचा त्याचा कायदेशीर हक्क रद्द करता येतो का? (सोलापूर)

ताई, तुम्ही लिहिलंय की वेगळं राहून चार वर्षं झाली, नवरा फोन उचलत नाही, खर्च देत नाही, मुलगी सहा वर्षांची आहे आणि आता पासपोर्टला बापाची सही कुठून आणायची म्हणून अडलंय. हिंदू कायदा लागू आहे असं धरून सांगतो.

नुसत्या पासपोर्टसाठी कोर्टात जायची गरज नाही. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर ‘अनुलग्नक सी’ हे घोषणापत्र साध्या कागदावर द्यायचं.

बापाचा हक्क कायमचा खोडून टाकावा, असा अर्ज आपल्या कायद्यात नाहीच. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेली ‘हक्कसोड’ कोर्टावर बंधनकारक नसते. सात वर्षं गायब राहिला की हक्क आपोआप जातो, हेही खोटं. सात वर्षांचा नियम घटस्फोटाच्या कारणासाठी आणि मृत्यूच्या गृहीतकासाठी आहे.

मागायचं ते ताबा आणि पालकत्व. गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की बाप मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असेल तर तो जिवंत असतानाही आई नैसर्गिक पालक ठरते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १९ मुळे मात्र, हयात बाप अपात्र आहे असं कोर्टाला वाटल्याशिवाय दुसरा पालक नेमता येत नाही. तेव्हा ‘तो बेपत्ता आहे’ एवढ्यावर थांबू नका. खर्च कधी बंद झाला, शेवटचा भेटला कधी, हे तारखांसकट लिहा. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर वेगळी केस कशाला? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्यातच ताबा मागा.

मूल नेहमी राहतं तिथलं कोर्ट लागतं. सोलापुरात कौटुंबिक न्यायालय, त्याच्या हद्दीबाहेर जिल्हा न्यायालय. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नसते. पालकत्वाच्या अर्जासोबत प्रस्तावित पालकाचं तयारी असल्याचं निवेदन लागतं, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. हा कागद हमखास विसरतो.

पुरावा घरातच असतो. प्रगतिपुस्तकावरच्या पालकाच्या सह्या, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, बँकेचा उतारा. शिवाय त्याच्या शेवटच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पाकीट ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच बंद वकिलाकडे द्या. पोस्टमनचा शेरा, तारीख आणि शिक्का हाच पुरावा.

खरी माती होते ती समन्सवर. तो सापडलाच नाही तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स देता येतं, पण तो शेवटचा जिथे राहत होता तिथे वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात. माणूस भोसरीला कामाला होता आणि जाहिरात सोलापूर आवृत्तीत दिली, किंवा सासूबाईंना पत्ता माहीत असून अर्जात ‘माहीत नाही’ लिहिलं, तर एकतर्फी निकाल त्याने उद्या येऊन रद्द करून घेतलाच म्हणून समजा. समन्स नीट बजावलं नसेल तर त्याची तीस दिवसांची मुदत निकाल त्याला कळल्यापासून मोजतात. सगळे माहीत असलेले पत्ते लिहा, सासरचासुद्धा.

आदेश मिळाला तरी मुलगी त्याची वारस राहते आणि तुम्हाला पोटगी मागता येते. पोटगी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागतात, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. पुढेमागे दुसरं लग्न करून नव्या नवऱ्याने दत्तक घेतलं तरच बापाशी नातं कायद्याने तुटतं, पण मग त्याच्या मिळकतीवरचा तिचा पुढचा वारसाहक्कही जातो. आणि दत्तकासाठी सहसा त्याचीच संमती लागते, त्यामुळे ती वाट आज बंदच धरा.

कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील तीस दिवसांत. ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, सोलापूरची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.